मुकुंददाची चेष्टा

मुकुंद खांबेटे याने माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. तिला एक जागा विकली, तीच जागा दुसऱ्या एका बाईलाही विकली, आणि जागा मुळात त्याची नव्हतीच. याबद्दल त्याला शिक्षा झाली असं कलकत्त्यातले मराठी लोक समजतात. ते चूक आहे. शिक्षा झाली ती इतरांना फसवल्याबद्दल. माझ्या बहिणीच्या बाबतीत तो निर्दोष ठरला. ते कसं घडलं हे मला लिहायचं आहे, पण आधी मुकुंददा कसा माणूस होता ते सांगितल्याशिवाय त्यात काही समजायचं नाही.

तो सहा फुटांच्या वर उंच होता आणि कधी बसत नसे. कुणाच्या घरी गेला तरी दारातच उभा राही, समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बोले आणि निघून जाई. खुर्ची पुढे केली तर म्हणे, "बसलो की उठवत नाही." कलकत्त्यातच जन्मलेला. वडील वाईहून नोकरीसाठी आलेले, आई लवकर गेलेली. त्यामुळे त्याचं मराठी घरातलं कमी आणि रस्त्यावरचं बंगाली जास्त. धोतर बंगाली पद्धतीचं, निऱ्या पुढे चुरगळलेल्या. गणपतीत मात्र डोक्यावर काळी टोपी घालून आरतीला पुढे. बंगाली लोक त्याला मुकुंदोदा म्हणत, म्हणजे मुकुंददादा. आमच्याकडच्या म्हाताऱ्याही त्याला मुकुंददा म्हणू लागल्या होत्या, आणि त्याचं त्याला फार सुख होतं.

माझी त्याची पहिली गाठ बालीगंजच्या मराठी वस्तीतल्या गणपतीत पडली. मी कऱ्हाडकडचा. लढाईच्या दिवसांत एका ठेकेदाराचा माणूस म्हणून कलकत्त्याला आलो आणि लढाई संपल्यावर इथेच राहिलो. फोर्ट विल्यमच्या लिलावात लष्कराचं जुनं सामान निघे. तंबू, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या. ते घ्यायचं आणि एस्प्लनेडच्या फुटपाथवर मांडून विकायचं, हा माझा धंदा. मला शाळा फारशी नाही, पण भाव करण्यात मी कुणाला हार गेलेलो नाही. त्या साली एस्प्लनेडवरून माझं दुकान पालिकेने दोनदा उठवलं होतं. खांबेटे नुकताच नगरपालिकेवर निवडून आला होता, म्हणून मी आरतीनंतर त्याला गाठून सगळं सांगितलं. त्याने माझा हात धरला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ठीक आहे. मी चेष्टा करतो."

माझं डोकं फिरलं. मी हात हिसकावून घेतला. "चेष्टा करायची तर घरच्यांची करा. माझं पोट आहे त्याच्यावर."

सगळी मंडळी वळून बघू लागली. खांबेटे माझ्याकडे बघतच राहिला, त्याला काय चुकलं ते समजेना. तेव्हा दामले पुढे आले. दामले म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस. तेही कलकत्त्यातच वाढलेले, पण घरी मराठी पक्कं, शिवाय बी.ए. बंगाली, इंग्रजी सगळं तोंडावर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, "अहो घाटगे, बसा. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपला मुकुंदा निम्मा बंगाली आहे. तो म्हणतोय, प्रयत्न करतो."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. खांबेट्यालाही दामल्यांनी आमच्या चेष्टेचा अर्थ सांगितला, तेव्हा तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या दिवसापासून मंडळात ती ठरलेली गंमत झाली. खांबेट्याने कुणाला काही कबूल केलं की कुणीतरी मागून विचारी, "मुकुंददा, मराठी चेष्टा की बंगाली?" तो म्हणे, "बंगाली, बंगाली." आणि दामले सगळ्यांत मोठ्याने हसत.

माझं दुकान नंतर कुणी उठवलं नाही. हे मी लपवणार नाही. त्याने ते काम केलं, चहासुद्धा घेतला नाही.

अशी कामं त्याने पुष्कळ केली. दंगलीच्या दिवसांत बालीगंजच्या घराघरांत तो दुधाची किटली घेऊन फिरला होता. कुणाच्या मुलीचं नाव काय, कुणाचा जावई कुठे बदलून गेला, कुणाच्या आईला दम्याचा त्रास आहे, हे सगळं त्याच्या ध्यानात असे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून माणसं येऊ लागली, स्टेशनांवर संसार पडले, तेव्हा तो त्यांच्यातही असाच फिरे. एका संध्याकाळी निवडणुकीच्या प्रचारात मी त्याच्याबरोबर होतो. आमच्या लोकांच्या दारात तो म्हणाला, "आपलीच माणसं." पुढच्या गल्लीत बंगाल्यांच्या दारात म्हणाला, "आमादेर लोक." त्यापुढे एका मारवाड्याच्या पेढीवर म्हणाला, "अपने ही आदमी हैं." मी विचारलं, "मुकुंदराव, तुमचं नसलेलं कुणी आहे का?" तो म्हणाला, "घाटगे, मला आई नव्हती. सगळे माझेच." हे त्याने खोटेपणाने म्हटलं असं मला आजही वाटत नाही. माझी पंचाईत तीच आहे.

आता छत्रीची गोष्ट. पावसात गल्ल्या भरल्या की खांबेटे कुणाला भिजत जाऊ देत नसे, हातातली छत्री त्याच्या डोक्यावर धरून देऊन टाकी. प्रत्येक घरात "मुकुंददाने दिलेली छत्री" होती. माझ्याकडे एक लष्करी छत्री होती, लिलावात घेतलेली, पितळी मुठीची. खांबेटे एकदा माझ्याकडे आला असताना पाऊस लागला, तो ती घेऊन गेला. महिन्याभराने मी एका बँकेतल्या साहेबांकडे गेलो तर दाराआड माझी छत्री. मी ती उचलली. साहेब म्हणाले, "अहो, ती आमची. मुकुंददांनी दिली." मी म्हटलं, "मूठ बघा, आतून माझं नाव कोरलंय." मोठा वाद झाला. शेवटी ते म्हणाले, मग मुकुंददांनी आमच्याकडून नेलेली कुठे गेली? तिचा शोध घेतला तर ती तिसऱ्याच्या घरी निघाली. हा माणूस एकाच्या घरातून छत्री नेई आणि दुसऱ्याला देई, आणि सगळा बालीगंज त्याला दाता म्हणे. मी मंडळात ही गोष्ट सांगितली. सगळे हसले. खांबेटेही हसला. म्हणाला, "पण भिजलं का कुणी?"

मीही हसलो. मालाचा धंदा करणाऱ्या माणसाला त्यात काय दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही, आणि बी.ए. झालेल्यांनाही दिसलं नाही.

पहिल्या मोठ्या निवडणुकीत तो विधानसभेत गेला. पुढे मंत्री होणार अशी बोलवा होती. मंडळाने त्याचा सत्कार केला, दामल्यांनी मानपत्र वाचलं. त्याच सुमाराला त्याने घरांची सोसायटी काढली. बालीगंजच्या रेल्वेलाईनपलीकडे एक मोठं तळं आणि त्याच्याभोवती मोकळी जागा होती. तिथे आपल्या लोकांची घरं व्हायची होती. सभासद मिळवण्यासाठी दामले स्वतः घरोघर आले.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा माझ्याकडे राहत होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती विधवा, मूलबाळ नाही. माझ्या दोन खोल्यांत माझा संसार, त्यात ती. माझी बायको वाईट नाही, पण चूल एक आणि बायका दोन. आक्काला चिमूटभर मीठ घ्यायचं तरी ती "घेऊ का गं?" असं विचारी. आपलं म्हणून एक दार असावं आणि आत न विचारता मीठ घ्यावं, एवढंच तिला हवं होतं. गावाकडे सासरच्या घरात तिचा वाटा होता. तो तिने दिराला लिहून दिला आणि आलेलं सगळं या जागेत घातलं. म्हणजे परतीचं दार तिने आपल्या हाताने लावून घेतलं.

भाव मी केला. खांबेट्याने सांगितलेली रक्कम मी खूप खाली आणली आणि तो हसतच कबूल झाला. मला वाटलं, जिंकलो. पुढे समजलं की जो नसलेला माल विकतो त्याला भाव उतरवायला काहीच लागत नाही.

जागा द्यायच्या दिवशी तो आम्हांला तिकडे घेऊन गेला. तळ्याच्या कडेचा तुकडा. त्याने आक्काच्या हातून तिथे नारळाचं रोप लावून घेतलं. आक्का म्हणाली, "मुकुंददा, कागद कधी व्हायचा?"

"चेष्टा करतोय, आक्का."

"मराठी का बंगाली?" आक्काने विचारलं. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला.

वर्ष झालं. कागद होईना. आक्का दर महिन्याला त्याला विचारी आणि तो दर महिन्याला तेच म्हणे. एके दिवशी आक्का म्हणाली, "सदू, चल, नारळ बघून येऊ." आम्ही गेलो. तुकड्यावर बांबूचं खोपट उभं होतं आणि एक म्हातारी बाई लोट्याने त्या नारळाला पाणी घालत होती.

मी ओरडायला सुरुवात केली. मला बंगाली बोलता येतं, आणि रागात तर जास्तच येतं. ती बाई घाबरली नाही. म्हणाली, "जागा माझी आहे, बाबा. मुकुंदोबाबूंनी दिली. हे झाड त्यांनी माझ्या हातून लावलं."

पूर्व बंगालमधल्या बरिशालकडची होती. मुलगा वाटेत गेला, सून आणि ती दोघीच. अंगावरचं होतं नव्हतं ते तिने खांबेट्याला दिलं होतं. मी आक्काला सगळं मराठीत सांगितलं. मला वाटलं, आक्का आता त्या बाईशी भांडेल. ती झाडाजवळ बसली, पिवळ्या पडलेल्या पानाला हात लावला आणि म्हणाली, "एकदा माझ्या हातून लावलं, मग उपटून तिच्या हातून लावलं. असं केल्यावर ते धरणार कसं?"

म्हातारीने वाटीत मुरमुरे आणि गूळ आणून दिला. दोघींना एकमेकींचं बोलणं येत नव्हतं. दोघी मुरमुरे खात बसल्या. मी एकटाच उभा राहून शिव्या देत होतो.

थोड्याच दिवसांत खऱ्या जमीनदाराची माणसं आली आणि त्यांनी तळ्याकाठची सगळी खोपटं मोडली. ती म्हातारी कुठे गेली ते मला समजलं नाही. प्रत्येक तुकडा दोन-दोन लोकांना विकला होता, एक आमच्यातला, एक त्यांच्यातला. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही. तो मधे होता, त्याला दोन्ही येत होत्या.

मग तक्रारी झाल्या, पहिली माझी. मंडळातले लोक माझ्याकडे आले. घराचं भांडण चव्हाट्यावर नको, आपण इथे मूठभर माणसं, असं म्हणाले. दामले म्हणाले, "घाटगे, तुम्ही धंद्यातले. नुकसान सोसायची तुम्हांला सवय असेल." मी त्यांना दार दाखवलं.

खटला उभा राहिला. पक्षाने खांबेट्याला काढून टाकलं, गेल्या वर्षी त्याच्या गळ्यात हार घालणारे रस्ता ओलांडून जाऊ लागले. तो मात्र कोर्टात रोज वेळेवर येई आणि ज्यांनी त्याच्यावर तक्रार केली त्यांना नावाने हाक मारून त्यांच्या घरची चौकशी करी. साक्षीच्या दिवशी आक्का व्हरांड्यात उभी होती. हा आत गेला, शिपायाचं स्टूल घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवलं. "बसा आक्का, वेळ लागेल." आक्का बसली. मला ते स्टूल उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

आक्काला मराठीशिवाय काही येत नव्हतं. कोर्टाकडे मराठीचा दुभाषा नव्हता, म्हणून एक प्रतिष्ठित गृहस्थ बोलावले होते. ते दामले. शपथ घेऊन उभे राहिले. माझी साक्ष आधीच झाली होती, त्यामुळे मी आत बसलो होतो.

सरकारी वकिलाने विचारलं, "पैसे घेतल्यावर आरोपीने तुमच्यासाठी काय केलं?"

आक्का खांबेट्याकडे बघत म्हणाली, "काय करणार? माझी चेष्टा केली. वर्षभर नुसती चेष्टा केली."

दामल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग इंग्रजीत सांगितलं की आरोपीने तिच्यासाठी प्रयत्न केले. वर्षभर प्रयत्न केले.

माझं इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं आहे, पण एवढं मला समजतं. मी उठून ओरडलो, "खोटं आहे. ती तसं म्हणालेली नाही." मॅजिस्ट्रेट बंगाली होते. त्यांनी तो शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला होता, त्यांना दुभाष्याची गरजच नव्हती. मी दुसऱ्यांदा ओरडल्यावर शिपायाने मला बाहेर काढलं. बाहेर मी सरकारी वकिलाला धरलं, तोही बंगालीच. तो म्हणाला, "घाटगेबाबू, बाई काय म्हणाल्या ते मीही ऐकलं. चेष्टा म्हणजे चेष्टा. त्यात काय भाषांतर करायचं?"

आरोपीच्या वकिलाने त्यावर पुढचं सगळं बांधलं. ही विधवा बाई स्वतःच सांगते की या माणसाने तिच्यासाठी वर्षभर खटपट केली. निकालात इतर तुकड्यांबद्दल खांबेटे दोषी ठरला, त्याला कैद झाली, दंडातून त्या लोकांना थोडीफार भरपाई मिळाली. आक्काच्या तुकड्यापुरतं मात्र मॅजिस्ट्रेटांनी लिहिलं की आरोपीचा हेतू वाईट होता हे सिद्ध होत नाही. तिला काही मिळालं नाही.

मी दामल्यांच्या घरी गेलो. निकालाविरुद्ध मी अर्ज करणार होतो; त्याबरोबर त्यांनी फक्त एवढं लिहून द्यावं की त्या शब्दाचा मराठी अर्थ वेगळा आहे. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "मी शब्दाला शब्द दिला, घाटगे."

"कोणत्या भाषेतला शब्द?"

"शपथेवर एकदा सांगितलं ते सांगितलं. आता हे पुरे करा. मंडळाचं नाव वर्तमानपत्रात किती दिवस यायचं?"

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. अर्ज फेटाळला गेला, कारण शब्द बदलून मागणारा मीच होतो, आणि मी भर कोर्टात ओरडलेला तापट दुकानदार होतो.

आक्काला मी निकाल समजावून सांगितला. तिने तो मला पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी माझ्यासाठी खूप केलं असं मीच सांगितलं?"

"तू नाही सांगितलंस, आक्का."

"माझ्याच तोंडून आलं ना पण." त्यानंतर ती फार बोलेनाशी झाली. कोणता शब्द तोंडातून निघून कुठे काय होईल याची तिला भीती बसली असावी. माझ्या दोन खोल्यांत ती आणखी काही वर्षं राहिली आणि तिथेच गेली. शेवटच्या आजारातसुद्धा पाणी हवं असलं की माझ्या बायकोला विचारी, "घेऊ का गं?"

खांबेट्याला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. सुटून आल्यावर, एस्प्लनेडला, ट्रामच्या थांब्यावर. पाऊस होता. उंची तेवढीच होती पण वाकला होता, केस पांढरे झाले होते. धोतर स्वच्छ. आसपासच्या कुणी त्याला ओळखलं नाही, आणि कधी न बसणारा हा माणूस थांब्याच्या कट्ट्यावर बसला होता. मला पाहून उठला. सवयीने दोन्ही हात पुढे केले, मग खाली घेतले.

"घाटगे, आक्का कशा आहेत?"

"गेल्या."

एक ट्राम आली नि गेली. तो म्हणाला, "मी चेष्टा केली होती हो. खरंच केली होती."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. कोणती ते त्याला विचारावं असं मनात आलं. पण त्याचं उत्तर त्याला माहीत असेल असं मला वाटलं नाही. त्याला आयुष्यभर त्या शब्दाच्या दोन अर्थांतला फरक दुसऱ्यांनी सांगावा लागला होता. मी निघालो तेव्हा त्याने आपली छत्री माझ्यावर धरली आणि मूठ माझ्या हातात देऊ लागला. मी मूठ बघितली. माझी नव्हती. कुणाची होती कोण जाणे. मी भिजत गेलो.

तो कैद भोगून आला. त्याचं काय ते झालं. माझा हिशेब आता त्याच्याशी नाही.

दामले, तुम्ही अजून बालीगंजला राहता, अजून गणपतीत पहिल्या रांगेत बसता. एस्प्लनेडच्या दुकानदाराला ज्या दिवशी सगळे हसले, त्या दिवशी तो शब्द दोन्ही भाषांत मला तुम्हीच समजावून सांगितला होता. माझी बहीण पिंजऱ्यात उभी राहून तोच शब्द बोलली. ऐकताना तुम्ही चष्मा पुसलात. तुम्हांला तो कोणत्या भाषेत ऐकू आला? मंडळाच्या पुढच्या सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, मराठीत सांगा.